पोराच्या हातातलं पाणी

वस्तीत नळाला पाणी आलं की तेवढ्या वेळात हंडे, कळशा, ड्रम सगळं भरून घ्यायचं असतं. त्या गडबडीत दोन वर्षांचं पोर भरल्या कळशीत हात घालतं आणि त्याच्या पाठीत धपाटा बसतो. त्या आईला मी बोल लावत नाही, रांगेत उभं राहून मिळवलेलं पाणी असतं ते. नर्सची नोकरी करत होते तेव्हा मीही बायकांना दटावायचे, "पोराला पाण्यात सोडू नका, सर्दी होईल." आता तसं म्हणत नाही. सर्दी विषाणूमुळे होते, एकाकडून दुसऱ्याला लागते. दुपारी ऊबदार हवेत पंधरा मिनिटं हात भिजले म्हणून ती होत नाही.

पोर पाण्यात हात घालतं ते खोडी म्हणून नाही. वाटीनं तांब्यात पाणी ओतताना आधी निम्मं बाहेर सांडतं, काही दिवसांनी कमी सांडतं. म्हणजे डोळा आणि हात एकमेकांशी जुळायला लागले. उद्या पेन्सिल हीच बोटं धरणार आहेत.

यासाठी विकतचं खेळणं नको. घराबाहेर सावलीत एक परात ठेवा, त्यात दोन बोटं पाणी. स्टीलची वाटी अलगद सोडली तर तरंगते, तीच पाण्यानं भरली की तळाला जाते. बटाटा बुडतो, वाळकी काडी तरंगते. आधी विचारा, "हे बुडेल का तरंगेल?" आणि मग गप्प बसा. उत्तर सांगून टाकायची आपल्याला फार घाई असते, मलासुद्धा. पोराला चुकू द्या, पुन्हा करून बघू द्या.

जरा मोठ्या, चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ दाभणानं एक बारीक भोक तुम्ही पाडून द्या. झाकण घट्ट लावलं की धार थांबते, सैल केलं की सुरू होते. का, याचा विचार मूल दिवसभर करतं. जुना ब्रश पाण्यात बुडवून उन्हातल्या भिंतीवर चित्र काढायला द्या. थोड्या वेळात चित्र नाहीसं होतं आणि "पाणी कुठं गेलं?" हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं. तांब्या भरायला किती वाट्या लागल्या, हे मोजता मोजता आकडेही पाठ होतात.

तीन वर्षांच्या आतल्या पोराला नाणी, मणी, बाटलीची झाकणं देऊ नका, घशात अडकतात. खेळायचं पाणी स्वच्छच हवं, कारण ओला हात तोंडात जातोच. भांडी धुतलेलं पाणी नको, गटाराच्या कडेला बसवणं तर नकोच. खेळ झाल्यावर त्याच पाण्यानं लादी पुसा, म्हणजे थेंबही वाया जात नाही. जेवणाआधी हात मात्र साबणानंच धुवायचे.

आता जी गोष्ट सांगताना माझा आवाज अजून जड होतो ती. मी वॉर्डात असताना दीड वर्षाचं एक लेकरू आणलं होतं. मोरीतल्या अर्ध्या बादलीत ते डोक्यावर पडलं होतं. आई बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होती. ते वाचलं नाही. एवढ्या लहान मुलाचं डोकं जड असतं. तोल जाऊन आत पडलं तर त्याला वर उठता येत नाही आणि ओरडताही येत नाही. दोन इंच पाणीसुद्धा पुरतं. म्हणून मूल पाण्याशी खेळत असेल तर मोठ्या माणसानं हाताच्या अंतरावर बसायचं. सहा-सात वर्षांच्या ताईवर ते काम टाकू नका. ड्रमला घट्ट झाकण, रिकामी बादली पालथी, मोरीच्या दाराला कडी.

मूल बुडालेलं सापडलं आणि श्वास नसेल, तर उलटं धरून पोट दाबण्यात वेळ घालवू नका. तोंडानं श्वास द्यायला लगेच सुरुवात करा, दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा.

परातही वापरून झाली की पालथी घाला. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतात. ड्रम आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा. घासताना पोराच्या हातात एक चोथा द्या. ड्रम आडवा पाडलेला असू द्या आणि तुम्ही शेजारी असा.