जहाजावर कोण नाही, तेही मोजा

निवृत्तीनंतर सारखी क्रूझला जाणारी जोडपी घरच्या जबाबदाऱ्या टाळतात का? प्रश्न सोपा वाटतो. प्रश्नावली घ्यायची, जहाजावर जायचं, शंभर जोडप्यांना विचारायचं, टक्केवारी काढायची. संशोधन प्रस्तावात गफलत होते ती नेमकी इथेच.

समजा, इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ राहणारं एक जोडपं आहे. वर्षातून तीन क्रूझ करतं. एरवी नातवंडांना शाळेतून आणणं, नव्वदीच्या आईला दवाखान्यात नेणं हेही त्यांच्याकडेच. साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जायला ‘क्वीन मेरी २’ जहाजाला साधारण सात रात्री लागतात. भर अटलांटिकमध्ये घरून फोन आला, तर पुढच्या स्टेशनवर उतरून परतता येत नाही. त्यामुळे मुलीचं बाळंतपण, आईचं ऑपरेशन, शाळेच्या सुट्ट्या हे सगळं बघूनच तिकीट काढावं लागतं.

आता तुमचा नमुना बघा. जहाजावर कोण भेटणार? ज्यांची तब्येत बरी आहे, हातात पैसा आहे आणि ज्यांच्या घरी त्या आठवड्यात कुणी अडलेलं नाही, असेच लोक. आईच्या उशाशी थांबलेले तुमच्या नमुन्यात आलेच नाहीत. हा निवडीचा पक्षपात. कामगारांच्या आरोग्याच्या अभ्यासातही हे दिसतं. कामावर असलेले लोक एकूण लोकसंख्येपेक्षा निरोगी निघतात, कारण आजारी माणसं आधीच काम सोडून गेलेली असतात. शिवाय प्रवासामुळे घर सुखी, की घर निवांत म्हणून प्रवास? एकदाच केलेली पाहणी हे सांगू शकत नाही.

मग काय करायचं?

एक, त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जा. इंग्लंडमधला ‘एल्सा’ हा अभ्यास 2002 पासून पन्नाशीपुढच्या लोकांना साधारण दर दोन वर्षांनी भेटतो. त्या धर्तीवर माणसाची तुलना त्याच्याशीच करा, शेजाऱ्याशी नको.

दोन, फक्त जोडप्याला विचारू नका. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी ‘जोडलेली आयुष्यं’ ही कल्पना मांडली: एकाच्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्याच्या आयुष्यावर होतो. आईबाबा गेले तेव्हा मुलं कुणी सांभाळली, हे मुलीला वेगळं विचारा.

तीन, रद्द केलेल्या आणि बुकच न केलेल्या सफरींची नोंद घ्या. कारणही लिहा. बुकिंगची तारीखही हवी; आजारपण आधी की तिकीट आधी, हे त्यावरूनच कळेल.

हा काथ्याकूट कशासाठी? ‘फिरूनही घर सांभाळता येतं’ असा निष्कर्ष फक्त जहाजावरच्या लोकांवरून निघाला, तर घरी अडकलेल्यांना वाटेल की आपणच कुठेतरी कमी पडतो. त्यांना मदतीची गरज आहे, हे मात्र आकड्यांत दिसणारच नाही. तेव्हा तक्त्यात एक रकाना आजच वाढवा: न झालेली सफर.