माटीकोराचं दार

मे महिना सरत आला की माझ्या फोनवर त्रिनिदादचे व्हिडिओ येऊ लागतात. ३० मे १८४५ रोजी गिरमिटियांचं, म्हणजे भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज तिथं पोचलं, त्याची ही आठवण. साड्या, भजनं, अंगणातल्या झेंड्या आणि खाली ठरलेलं वाक्य: ‘बघा, त्यांनी आपली संस्कृती कशी जपली!’ तिथली गायिका द्रुपती रामगुनाई त्यांत कधीच नसते. त्रिनिदादच्या याच बायकांवरच्या, अभ्यासक तेजस्विनी निरंजना यांच्या ‘मोबिलायझिंग इंडिया’ या पुस्तकाला यंदा २० वर्षं झाली, म्हणून हे जास्तच सललं.

ऊसमळे, १९१७ मध्ये थांबलेली जहाजं, १९६२ चं स्वातंत्र्य हे कुठेही वाचायला मिळेल. मी सांगते ती १९८७ नंतरची दहा वर्षं. तेव्हा मी तिथं शिकवत होते. १९८७ मध्येच द्रुपतीचं ‘चटनी सोका’ हे गाणं आलं.

लग्नाआधी माटीकोर या विधीच्या रात्री बायका चावट गाणी म्हणत, कंबर हलवून नाचत. पुरुषांना मज्जाव. तोवर ती परंपरा होती. आपल्या ताशाचा भाऊ असलेला तिथला ‘तासा’ आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या सोका संगीतात मिसळला, तोच नाच मंचावर आला, आणि समाजाची अब्रू गेली! एका प्रतिष्ठित गृहस्थांनी मला सुनावलं, “तुम्ही खुद्द भारतातल्या. या मुलींना सांगा, आपली बाई अशी नाचत नाही.” मी गप्प बसले. नाच त्यांच्या घरातही होत होता. काळ्या माणसाच्या ठेक्यावर, चारचौघांत झाला म्हणून त्यांना झोंबला, हे मला तेव्हा बोलता आलं नाही.

१९९५ मध्ये आफ्रिकी वंशाच्या ब्लॅक स्टॅलिननं चटनीगायक सुंदर पोपोला मानवंदना देणारं गाणं गाऊन कॅलिप्सोचा मुकुट जिंकला. त्याच वर्षी भारतीय वंशाचे बासदेव पांडे पंतप्रधान झाले. वाटलं, आता दार मिटणार नाही. आज चटनी संगीतात रम या दारूचीच गाणी फार, बाईचा आवाज कमी.

निरंजनांनी त्या गृहस्थांच्या वाक्याचं मूळ आपल्याच घरात दाखवलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ मध्ये गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला, याचा मला अभिमान आहे. पण त्या लढ्यात मळ्यावर स्वतः कमावणारी, नकोसा नवरा सोडणारी बाई ‘बिघडलेली’ ठरली आणि तिच्या विरुद्ध टोकाला आपली घरंदाज ‘भारतीय स्त्री’ उभी राहिली.

यंदा व्हिडिओ पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी द्रुपतीचं ‘मिस्टर बिसेसर’ हे गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं: ‘आपली बाई अशीही नाचते.’ त्या गृहस्थांना द्यायचं राहिलेलं उत्तर हेच होतं.