मेंदूची पायाभरणी आणि घरातील घास

पहिल्या इयत्तेत दाखल झालेल्या सहा वर्षांच्या मुलाकडे पाहताना त्याच्या शिक्षणाचा आरंभ आज होत आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याच्या मेंदूची बहुतांश वाढ तोपर्यंत होऊन गेलेली असते. नवजात बालकाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या साधारण एक-चतुर्थांश वजनाचा असतो. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तो सुमारे तीन-चतुर्थांशांवर पोहोचतो आणि सहाव्या वर्षी नऊ-दशांशांच्या आसपास जातो. ज्या काळात ही वाढ होते, त्या काळात मुलाचे नाव शाळेच्या पटावर नसते. ते आईच्या उदरात, तिच्या अंगावर आणि घरातील चुलीजवळ वाढत असते. म्हणून गावातील मुलांच्या शैक्षणिक प्रगतीचा विचार करताना फळा आणि पुस्तक यांच्याबरोबर घरातील ताटाचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

हे ताट महागडे असण्याची गरज नाही. परीक्षेच्या दिवसांत स्मरणशक्ती वाढविणारी म्हणून विकली जाणारी औषधे घेण्यासाठी ऐपतीबाहेर खर्च करणारी कुटुंबे आढळतात. वस्तुतः मेंदूला लागणारी द्रव्ये मीठ, कडधान्ये, पालेभाज्या, दूध, अंडी, मासळी आणि तेल यांसारख्या नेहमीच्या पदार्थांतून मिळू शकतात. ती योग्य वेळी मिळाली पाहिजेत, एवढीच अट असते. उशिरा दिलेल्या आहाराने मुलाचे वजन भरून येते. मेंदूच्या वाढीत राहिलेली उणीव प्रत्येक वेळी भरून येतेच असे नाही.

पहिले एक हजार दिवस

प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असतो. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. लहान मुलांमध्ये हा वाटा याहून बराच अधिक असतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस हा मेंदूच्या वाढीचा सर्वांत महत्त्वाचा कालखंड मानला जातो.

या काळाचा आरंभ अनेकदा आईच्याही ध्यानात येत नाही. ज्या चेतानलिकेपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू तयार होतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच बंद व्हावी लागते. ती नीट बंद न झाल्यास बालकात गंभीर जन्मजात व्यंग निर्माण होते. फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व या क्रियेत महत्त्वाचे कार्य करते. असे व्यंग असलेले मूल ज्यांना पूर्वी झाले होते, अशा अनेक देशांतील मातांची पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिलेल्या मातांमध्ये पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटल्याचे तीत आढळले. पालेभाज्या, मूग, हरभरा, चवळी आणि शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व असते. तथापि गरोदरपणाची जाणीव होईपर्यंत महिना उलटून गेलेला असल्यामुळे आहाराची काळजी विवाहित तरुणींनी आधीपासूनच घेणे हिताचे असते.

ग्रामीण भागात एक जुनी समजूत अद्याप टिकून आहे. गरोदर स्त्रीने पोटभर खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने शेवटच्या महिन्यांत तिचे जेवण कमी केले जाते. घरातील सर्वांची पाने उठल्यावर उरलेले तिने खावे, ही रीतही अनेक घरांत आहे. ज्या महिन्यांत गर्भाचा मेंदू सर्वाधिक वेगाने वाढतो, त्याच महिन्यांत आईचे ताट रिकामे राहते. ही समजूत दूर करण्यासाठी पैसा लागत नाही; सासूला आणि पतीला समजावून सांगणारी विश्वासाची व्यक्ती लागते.

चिमूटभर मिठाचे मोल

मेंदूच्या वाढीसाठी अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीचा स्राव आवश्यक असतो आणि तो तयार होण्यास आयोडीन लागते. प्रौढ व्यक्तीस रोज १५० मायक्रोग्रॅम, तर गरोदर स्त्रीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केल्यास त्यातील एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम, हे लक्षात घेतले म्हणजे ही गरज किती अल्प आहे याची कल्पना येते. एवढे अल्प द्रव्यही न मिळाल्यास गळ्याला गलगंड होतो. गरोदरपणात त्याची तीव्र उणीव झाल्यास मूल मतिमंद, बहिरे अथवा मुके जन्मास येण्याचा धोका असतो. सौम्य उणिवेत मुलाची आकलनशक्ती मंदावते आणि ते केवळ ‘अभ्यासात कच्चे’ ठरते.

या प्रश्नावरील एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशात झाला. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचे प्रमाण मोठे होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तेथे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पुरविण्यात आले, तर तिसऱ्या विभागात साधे मीठ चालू ठेवण्यात आले. काही वर्षांनी शाळकरी मुलांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या विभागांतील गलगंडाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेले दिसले. साध्या मिठाच्या विभागात मात्र स्थिती सुधारली नव्हती. अन्न बदलले नव्हते, पाणी बदलले नव्हते. बदलले होते ते केवळ मीठ. पुढे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून आयोडीनच्या अभावाने होणाऱ्या सर्व विकारांचा त्यात समावेश करण्यात आला. थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे.

असे असूनही खडे मीठ किंवा सैंधव अधिक नैसर्गिक म्हणून वापरण्याकडे काही कुटुंबांचा कल दिसतो. या मिठांत पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. आयोडीनयुक्त मीठही उघड्या भांड्यात, ओलाव्यात किंवा चुलीलगत ठेवल्यास त्यातील आयोडीन कमी होते. ते झाकणाच्या बरणीत ठेवावे व शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे. आशा कार्यकर्तीकडील तपासणी संचातील द्रावणाचा एक थेंब मिठावर टाकला असता मीठ निळे-जांभळे झाले, तर त्यात आयोडीन आहे असे समजते. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर दहा लक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असणे आवश्यक आहे.

लोहाची उणीव

रक्तातील लोह मेंदूपर्यंत प्राणवायू पोहोचविते. चेतातंतूंवरील मेदाचे आवरण तयार होण्यास आणि मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये निर्माण होण्यासही लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाचे सर्वांत सामान्य कारण लोहाची उणीव हे आहे. पहिल्या दोन वर्षांत लोहाची दीर्घकाळ उणीव सोसलेली मुले नंतर उपचार होऊनही आकलनाच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे मागे राहू शकतात, असे कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील देशात झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात दिसून आले आहे.

बाजरी, हाळीव, शेवग्याचा पाला, माठ, चवळई, कडधान्ये, मटण आणि कलेजी यांतून लोह मिळते. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. मात्र जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास शोषण वाढते. जेवणाबरोबर किंवा त्यानंतर लगेच घेतलेला चहा याउलट परिणाम करतो. चहासाठी तासाभराचे अंतर ठेवण्याची सवय लहान वाटली तरी उपयुक्त आहे. जंतांमुळेही लोह वाया जात असल्याने वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

दूध, अंडी, मासळी आणि जवस

ब-१२ हे जीवनसत्त्व मेंदू व चेतातंतूंसाठी अत्यावश्यक आहे. ते दूध, दही, अंडी, मासळी आणि मांस या प्राणिजन्य पदार्थांत असते. धान्य व भाजीपाल्यातून ते मिळत नाही. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ चे प्रमाण कमी होते. त्यांच्या मुलांची वयाच्या नवव्या वर्षी चाचणी घेतली असता, गरोदरपणी ज्या मातांत हे जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांची एकाग्रता व तात्कालिक स्मरणशक्ती इतर मुलांहून कमी असल्याचे आढळले. घरातील सर्व दूध डेअरीला घालणाऱ्या शेतकरी कुटुंबाने त्यातील एक पेला गरोदर सुनेसाठी राखून ठेवणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानात येते. कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्या व दूधही पुरेसे न मिळणाऱ्या स्त्रियांनी आरोग्य केंद्रात सल्ला घेणे योग्य.

पाण्याचा अंश वगळल्यास मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग मेदाचा असतो. त्यातील ओमेगा-३ वर्गातील विशिष्ट मेद तारली व बांगडा यांसारख्या समुद्रातील मासळीत विपुल असतो, आणि ही मासळी कोकण किनाऱ्यावर तुलनेने स्वस्त मिळते. विदर्भ-मराठवाड्यातील जवसाच्या चटणीतून या मेदाचा पूर्वपदार्थ मिळतो. शरीर त्याचा अल्प भागच उपयोगी रूपात बदलू शकत असले, तरी मासळी न खाणाऱ्यांसाठी हा चांगला आधार आहे.

बाळाचा पहिला घास

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यात पाणी वा गुटीही नको, हा नियम आता बऱ्याच घरांना ठाऊक आहे. खरी अडचण सातव्या महिन्यापासून सुरू होते. वरणाचे वरचे पाणी किंवा पातळ पेज दिल्याने बाळाचे इवलेसे पोट भरते. ऊर्जा मात्र फारच थोडी मिळते. पाचव्या फेरीच्या पाहणीनुसार देशातील ६ ते २३ महिने वयाच्या केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत होता.

बाळाचा घास चमच्यातून ओघळणार नाही इतका घट्ट असावा. कुस्करलेला वरण-भात, मऊ खिचडी किंवा नाचणीची खीर यांत चमचाभर तेल अथवा तूप घालावे. शिजवून कुस्करलेली पालेभाजी, उकडलेले अंडे, दही, केळे असे पदार्थ हळूहळू वाढवावेत. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा भरवावे आणि स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

गावपातळीवरील कार्य

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्याद्वारे अंगणवाडी गावोगावी पोहोचली. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांसाठी एक वेळच्या चौरस आहाराची तरतूद करण्यात आली. योजना कागदावर उत्तम असली तरी ती ताटापर्यंत पोहोचते किंवा नाही, हे गावालाच पाहावे लागते.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्चावी, अशी तरतूद आहे. अंगणवाडीचे स्वयंपाकघर, पिण्याचे स्वच्छ पाणी, वजनकाटा आणि परसबाग यांसाठी या रकमेचा विचार होऊ शकतो. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत गावातील गरोदर मातांची यादी वाचली जावी आणि त्यांपैकी कितीजणींना लोहाच्या गोळ्या नियमित मिळतात, याची विचारणा व्हावी. या गोळ्यांमुळे शौचास काळसर होते. त्यात धोका नाही, एवढे सांगितले तरी गोळ्या टाकून देण्याचे प्रमाण कमी होईल. शिक्षकांनी साप्ताहिक लोहगोळी दुपारच्या जेवणानंतर आपल्यासमोर घेण्यास सांगावी आणि मिठाची तपासणी वर्गात करून दाखवावी. सकाळी उपाशी येणारी मुले ओळखून त्यांच्या पालकांशी बोलावे.

वर्गात मागे पडलेल्या मुलाचा दोष अनेकदा त्याच्या आळसाला किंवा नशिबाला दिला जातो. त्याच्या आईला गरोदरपणी काय मिळाले आणि दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वाट्याला कोणता घास आला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या वर्षी गावात जी बालके जन्मतील, ती सहा वर्षांनी पहिल्या इयत्तेत बसतील. त्यांची पाटी कशी असेल, हे ठरविण्याची संधी आज त्यांच्या घराकडे आणि गावाकडे आहे.