परिचर्या विद्यार्थ्यांची वृद्धसेवेविषयीची अभिवृत्ती : पुण्याच्या मार्केट यार्डच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. रुग्णालयात अशा रुग्णांच्या सहवासात सर्वाधिक वेळ असते ती परिचारिका. म्हणून परिचर्या महाविद्यालयातील विद्यार्थी वृद्धांकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हा प्रश्न केवळ त्या विद्याशाखेपुरता उरत नाही.

ही दृष्टी मोजण्याचे प्रचलित साधन म्हणजे नाथन कोगन यांची १९६१ मधील अभिवृत्ती मापनश्रेणी होय. तीत ३४ विधानांच्या १७ जोड्या असून प्रत्येक जोडीतील एक विधान वृद्धांना अनुकूल, तर दुसरे प्रतिकूल असते. अनेक देशांतील अभ्यासांत विद्यार्थ्यांचा कल सौम्य अनुकूल आढळतो. तथापि नोकरी कोणत्या विभागात करावयास आवडेल असे विचारताच वृद्धसेवा पसंतीच्या तळाशी जाते. ऑस्ट्रेलियात जॉन स्टीव्हन्स यांनी केलेल्या दीर्घकालीन पाहणीत तर शिक्षण पुढे सरकले तशी ही पसंती घटत गेली.

मराठीत हे मापन करताना भाषेची अडचण वेगळीच. ‘म्हातारे’, ‘वृद्ध’, ‘ज्येष्ठ नागरिक’ आणि ‘आजी-आजोबा’ हे शब्द एकाच वयोगटाचे असले तरी ‘आजोबा’ म्हटल्यावर विद्यार्थिनीच्या मनात स्वतःचे घर उभे राहते, ‘म्हातारे’ म्हटल्यावर परका माणूस. अनुवादात कोणता शब्द योजला, यावर गुणांकन हलू शकते. वॉर्डात सर्रास वापरले जाणारे ‘आजोबा’ हे संबोधनही आदराचे खरे. परंतु बासष्टाव्या वर्षी ओझी वाहणाऱ्या हमालाला ते आपले बळ नाकारणारे वाटल्यास नवल नाही.

पसंती घटण्याचे एक कारण अनुभवाच्या जागेत शोधता येते. पदवी अभ्यासक्रमात वृद्ध परिचर्या हा प्रौढ आरोग्य परिचर्येतील एक घटक आहे. विद्यार्थ्याला भेटणारा वृद्ध बहुधा पक्षाघाताने, मोडलेल्या खुब्याने वा शय्याव्रणाने अंथरुणास खिळलेला असतो. वार्धक्य म्हणजे परावलंबन, ही समजूत तेथे नकळत पक्की होते.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात वार्धक्याचे दुसरे रूप दिसते. भुसार बाजारातील हमाल, पालेभाजीच्या जुड्या विकणाऱ्या स्त्रिया, हातगाडी ओढणारे यांच्यापैकी अनेकांच्या लेखी साठी ही निवृत्तीची रेषा नसते. डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीची चळवळ आणि १९६९ चा माथाडी कायदा यांमुळे नोंदणीकृत हमालांना भविष्यनिर्वाह निधीसारखे संरक्षण लाभले. किरकोळ विक्री करणाऱ्या वृद्ध स्त्रीला तसे काही नाही. गुडघे, मणका व खांदे यांची झीज मात्र दोघांच्याही वाट्याला येते.

अशा व्यक्तीला ‘वजन उचलू नका, विश्रांती घ्या’ असा पाठ्यपुस्तकी सल्ला देणे म्हणजे तिची रोजची मजुरी बंद करावयास सांगणे होय. येथे परिचर्येला प्रश्न बदलावे लागतात: किती वर्षे, कोणते ओझे, दिवसात किती खेपा, जेवण घरचे की ‘कष्टाची भाकर’ केंद्रातले, काम थांबल्यास घर कोण चालविणार? एवढे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासमोरची व्यक्ती ‘केस’ राहत नाही, आणि तिच्याकडून मिळणारी उत्तरे अनेकदा पुस्तकाहून नेमकी असतात.

मात्र समुदाय आरोग्य परिचर्येच्या क्षेत्रकार्यात भर साहजिकच गरोदर माता व बालकांवर असतो, आणि त्याची वेळही महाविद्यालयाच्या सोयीची. भाजीपाल्याचा बाजार पहाटेच गजबजतो. दहा वाजता पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना दिसतात ती रिकामी पोती आणि थकून बसलेली माणसे. महिन्यातून काही दिवस तरी क्षेत्रकार्य पहाटे पाचला सुरू करावयाचे तर वाहनव्यवस्था, विद्यार्थिनींची सुरक्षितता आणि त्या वेळी उपस्थित राहणारा शिक्षक यांची तरतूद आधी करावी लागेल.