मूळ फितीकडे जाणारी वाट

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की चिंचोळी एमआयडीसी येते. इथे पाळीवर येणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी कधी माग होता, त्यांना जकार्ड समजावून सांगावा लागत नाही. चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. धुऊन विटलेली चादर समोर ठेवून नवे पुठ्ठे पाडले, तर मोर ओळखू येईल, पण पिसाऱ्यातली बारीक रेघ गेलेली असेल. जुन्या रॉक अल्बमच्या नव्या, महागड्या एलपींचा आढावा घेताना मला हाच दाखला जवळचा वाटतो. रेकॉर्ड कशावरून काढली, हा पहिला प्रश्न.

अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीने १९७०च्या दशकाअखेर ही वाट रुळवली: मूळ फीत मिळवायची आणि खाच निम्म्या वेगाने कोरायची. फीत आणि कोरणयंत्र दोन्ही संथ चालली की २०,००० हर्ट्‌झचा स्वर कोरणीपुढे १०,०००चा होऊन येतो. झांजेची किणकिण तिला नीट उतरवता येते. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' कंपनीने याच पद्धतीने काढला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल यांनी हेच तंत्र जोपासलं. बीटल्सचा २०१४चा मोनो संच तर डिजिटल टप्पा पूर्ण टाळून थेट फितीवरून कोरला गेला. २०२३मध्ये ऱ्हायनो या लेबलने सुरू केलेल्या 'हाय फिडेलिटी' मालिकेतलं कोरकाम केविन ग्रे यांचं. काही कंपन्या तेच संगीत मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने दोन तबकड्यांवर पसरतात, कारण सेकंदाला जास्त लांबीची खाच मिळाली की तपशील मोकळा होतो. तबकडीच्या १८० ग्रॅम वजनाने मात्र आवाज आपोआप सुधारत नाही.

२०२२मध्ये मोबाइल फिडेलिटीच्या अनेक रेकॉर्डींमागे डिजिटल प्रत असल्याचं उघड झालं. ऐकताना त्या उत्तमच वाटल्या होत्या. तरीही ग्राहक दुखावले आणि ते योग्यच होतं. मालाचं मूळ खरं सांगणं हा मालाचाच भाग असतो.

आपल्याकडे बीटल्सच्या एलपी ग्रॅमोफोन कंपनीच्या दमदम कारखान्यात निघत. त्याआधी मुंबईतून 'यंग इंडिया'सारख्या लेबलने देशी गाणं घरोघरी नेलं. पुढे कॅसेट आली आणि प्रेस थंडावले. २०२४मध्ये मुंबई परिसरात समन्वी या कंपनीने पुन्हा रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. म्हणजे यंत्र आलं आहे. आता नाट्यसंगीत आणि भावगीतांच्या मूळ फिती शोधून, स्वच्छ करून, त्यांवरून थेट कोरकाम व्हायला हवं. फितीच उरल्या नसतील, तिथे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांच्या संग्राहकांनी जपलेली उत्तम प्रत घ्यावी आणि वेष्टनावर तसं स्पष्ट छापावं. रॉकच्या श्रोत्यांनी हा हट्ट धरला, म्हणून त्यांच्या फिती कपाटांतून बाहेर आल्या. आपणही तो धरू या, फिती शाबूत आहेत तोवर.