उष्णतेची चाहूल घेणारा पहारेकरी

रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि मंदिराचा भोंगा एकाएकी वाजू लागतो. पुजारी धावत येतात, शेजारच्या घरांतले दिवे लागतात, जवळ राहणारे विश्वस्त हातात विजेरी घेऊन दाराशी जमतात. कुलूप शाबूत, जाळी शाबूत, मूर्ती जागच्या जागी. सभामंडपाच्या तुळईवर एक पारवा भेदरून बसलेला. सारे हसतात आणि घरी परततात. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. या वेळी कोणी हसत नाही. तिसऱ्या खेपेला कोणीतरी पॅनेलपाशी जाऊन कळ बंद करतो आणि मग ती बंदच राहते. भिंतीवर डिटेक्टर दिसतो, त्याखाली देणगीदाराच्या नावाची पाटी दिसते, हिशेबवहीत खर्च दिसतो. पहारा मात्र नसतो.

पंचधातूच्या मूर्ती, चांदीची छत्रे, दानपेट्या यांच्या चोरीच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. त्यामुळे मंदिरे, धर्मशाळा, पेढ्या आणि सुट्टीत कुलूप लागणारी घरे येथे चालता माणूस टिपणारे अवरक्त डिटेक्टर बसवण्याकडे कल वाढला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु वरील प्रसंगात दोष बहुधा यंत्रावर येतो. ‘माल हलका निघाला’ असे म्हणून विषय संपतो. वस्तुतः यंत्राने आपले काम चोख केलेले असते. ते कोठे बसवावे, कशाकडे तोंड करून बसवावे आणि बसवल्यावर ते कसे जुळवून घ्यावे, याचा विचार झालेला नसतो. चार स्क्रू आवळून, भोंगा एकदा वाजवून दाखवून कारागीर निघून जातो. खरे काम त्यानंतर सुरू व्हायचे असते.

हा डिटेक्टर पाहतो तरी काय? चोर आणि पुजारी यांतला भेद त्याला कळत नाही. आकार, चेहरा, रंग यांतले काहीच त्याला दिसत नाही. त्याला कळते ती उष्णता, आणि तीही केवळ बदलत असेल तेव्हाच. सन १८०० मध्ये विल्यम हर्शल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. तेच हे अवरक्त किरण. मनुष्यदेहातूनही ते सतत बाहेर पडत असतात. त्यांची तीव्रता सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. डिटेक्टर स्वतः कोणताही किरण सोडत नाही, आलेला किरण केवळ ग्रहण करतो. कुंपणावर समोरासमोर दोन खांब उभारून त्यांच्यामध्ये किरण सोडणारी यंत्रणा असते ती निराळी. या दोहोंची गल्लत दरपत्रके मागवतानाच होते, म्हणून हा उल्लेख.

आत बसवलेल्या स्फटिकाची गोष्ट रत्नांच्या व्यापारातल्या मंडळींना विशेष जवळची वाटेल. तुरमलीचा खडा तापवला की तो राखेचे कण ओढून घेतो, हे डच व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेतून तो खडा युरोपात नेला तेव्हा तिकडच्या विद्वानांच्या ध्यानात आले. तापमान बदलले की खड्याच्या दोन टोकांवर विद्युतभार प्रकट होतो, हे त्याचे कारण. आजच्या डिटेक्टरमध्ये तुरमली नसते. लिथियम टँटलेटसारखे स्फटिक किंवा त्याच गुणाची सिरॅमिक वापरतात. तत्त्व मात्र तेच आहे. असे दोन तुकडे शेजारी शेजारी, परस्परविरुद्ध जोडलेले असतात. सारी खोली एकदम तापली किंवा निवाली तर दोघांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात. उष्ण देह आधी एकासमोरून व मग दुसऱ्यासमोरून गेला तरच विजेचा ठोका उमटतो.

त्यापुढचे दुधी रंगाचे प्लॅस्टिकचे भिंग ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पनेवर बेतलेले आहे. त्याचे पहिले भिंग १८२३ मध्ये कॉर्दुआंच्या दीपगृहात लागले ते प्रकाश दूर पाठवण्यासाठी. येथे तेच तत्त्व उष्णता गोळा करण्यासाठी उलटे राबते. भिंगाच्या लहान लहान भागांमुळे डिटेक्टरची दृष्टी अखंड राहत नाही. हाताची बोटे फाकवावीत तशी ती पट्ट्यापट्ट्यांनी पसरते; मधल्या फटी आंधळ्या असतात. पट्टा, फट, पुन्हा पट्टा असा देह पुढे सरकला की यंत्र जागे होते.

हे एवढे ध्यानात आले की बसवण्याचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. माणूस पट्टे आडवे ओलांडत गेला तर तत्काळ टिपला जातो. थेट डिटेक्टरच्या दिशेने चालत आला तर बराच जवळ येईपर्यंत सुटू शकतो. म्हणून दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर डिटेक्टर लावण्याची जी सर्वत्र आढळणारी रीत आहे, ती सर्वांत दुबळी. कोपरा निवडावा, आणि तोही असा की दारातून गाभाऱ्याकडे, किंवा खिडकीतून तिजोरीकडे जाणारी वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल. उंची साधारण २.१ ते २.४ मीटर. हौसेने साडेतीन मीटरवर चढवलेला डिटेक्टर कोणाच्या हाती लागत नाही हे खरे; पण त्याचे पट्टे जमिनीवर भलतीकडेच उतरतात आणि खालून माणूस निर्धास्त जातो. नेहमीच्या नमुन्यांवर १२ मीटरच्या आसपास पल्ला छापलेला असतो. खांबांच्या सभामंडपात प्रत्येक खांबामागे सावली पडते हे त्या आकड्यात येत नाही.

निश्चल उभ्या माणसाची डिटेक्टरला वार्ताही नसते. जिने व सभागृहे येथील आपोआप लागणारे दिवे याच तत्त्वावर चालतात, आणि स्थानकात असा दिवा असेल तर अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात तो मध्येच विझतो. बसलेले श्रावक यंत्राच्या लेखी तेथे नसतातच! तेथे दिव्याचा कालावधी वाढवून ठेवणे हाच उपाय.

काचेचेही असेच. आपल्याला पारदर्शक असलेली काच देहाच्या अवरक्त किरणांना भिंतीसारखी आडवी येते. त्यामुळे काचेच्या कपाटामागे किंवा खिडकीपलीकडे डिटेक्टरला काही कळत नाही. याचा लाभही आहे. बंद काचेबाहेरच्या रस्त्यावरची वर्दळ त्याला जागे करत नाही. मात्र त्याच काचेतून सकाळचे ऊन फरशीवर येते, ढग सरकले की फरशीचा तो भाग भराभर तापतो-निवतो, आणि खोटा ठोका उमटू शकतो. पूर्वाभिमुख मंदिराच्या झरोक्यांकडे म्हणूनच डिटेक्टरचे तोंड नसावे.

मंदिरात आणखी एक प्रश्न येतो तो अखंड दीपाचा. स्थिर उष्णतेने यंत्र चाळवत नाही, पण ज्योत स्थिर नसते. ती लवते, तिच्यावरची तप्त हवा हेलकावते. गाभाऱ्याच्या आत रोखलेला डिटेक्टर हा तंट्याला आमंत्रण ठरतो. त्यापेक्षा गाभाऱ्याच्या उंबरठ्यासमोर आडवा, पडद्यासारखा अरुंद पट्टा टाकणारा डिटेक्टर लावावा. तो ज्योतीकडे न पाहता ये-जा तेवढी पाहतो. चालू राहिलेले पंखे, वातानुकूलन यंत्राचा झोत, वाऱ्यावर हलणारी तोरणे व चंदवे यांचाही याच न्यायाने विचार करावा.

आता पारव्यांविषयी. ‘पाळीव प्राण्यांना दाद न देणारा’ असे खोक्यावर छापलेले असते आणि २५ किलोपर्यंतचा आकडाही असतो. त्याचा अर्थ इतकाच की सांगितलेल्या उंचीवर बसवलेला डिटेक्टर जमिनीवरून चालणाऱ्या लहान प्राण्याकडे दुर्लक्ष करील. कपाटावर चढलेली मांजर, भिंगाजवळून उडणारा पक्षी किंवा वटवाघूळ हे त्या हमीत बसत नाहीत. म्हणून ज्या सभामंडपात पाखरे येतात तेथे आधी झरोक्यांना जाळी, आणि मंगल करताना आत कोणी पाखरू अडकले नाही ना, याची खातरजमा. रात्रभर कोंडलेल्या जिवाचीही त्यात सुटका होते. जाळी शक्यच नसेल तर मंडपात डिटेक्टरचा आग्रह सोडून दारांना चुंबकीय संपर्क-स्विच लावावेत आणि डिटेक्टर भांडाराच्या बंद खोलीत ठेवावा. दोन तंत्रे एकत्र केलेले, अवरक्त आणि सूक्ष्मलहरी दोहोंनी एकमताने कौल दिला तरच वाजणारे डिटेक्टरही मिळतात. ते महाग असतात, पण मोठ्या वास्तूत बहुधा पैसे वसूल करतात. सूक्ष्मलहरी काच आणि पातळ भिंती भेदून पलीकडची हालचाल टिपतात, तेवढे जाणून त्यांचा पल्ला खोलीपुरता आखडता घ्यावा.

लहान जिवांचा उपद्रव तर अगदी आतूनच होतो. तारेसाठी पाडलेल्या छिद्रातून मुंग्या आणि कोळी डिटेक्टरच्या पेटीत शिरतात. पाल भिंगावरून सरपटते. भिंगावर बसलेला इवलासा कीटक इतका जवळ असतो की त्याने पट्टेच्या पट्टे झाकले जातात. यावर कीटकनाशक फवारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो दोन्ही दृष्टींनी चुकीचा. जीव जातात, आणि फवाऱ्याने भिंगही खराब होते. बसवतानाच तारेचे छिद्र सिलिकॉनने बुजवले तर हा प्रश्न पुष्कळसा उद्भवतच नाही. रंगकामाच्या वेळीही असेच जपावे लागते. भिंगावर एक हात ऑइलपेंटचा बसला की डिटेक्टर आंधळा झाला. भिंतीवर तो पूर्वीसारखाच दिसत राहतो.

उन्हाळ्याची गोष्ट महाराष्ट्रात निराळी सांगायला हवी. डिटेक्टर देह आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक ओळखतो. त्वचेचे तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते. जळगाव, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात दगडी भिंती दिवसभर तापून रात्रीही तितक्याच उष्ण राहतात, तेव्हा तो फरक जवळजवळ उरत नाही. उत्तम प्रतीच्या डिटेक्टरमध्ये तापमानानुसार संवेदनक्षमता आपोआप वाढवण्याची सोय असते. विकत घेताना ती आहे का, हे विचारावे. आणि चाचणी जानेवारीच्या गारठ्यात घेऊन समाधान मानू नये. मे महिन्यातल्या संध्याकाळी घेतलेली चाचणीच खरी.

झाकण उघडले की आत दोन-तीन लहान जोडकळा दिसतात. एकीने किती ठोके मोजून मग इशारा द्यायचा ते ठरते. एक ठोका म्हणजे फार हळवे, दोन वा तीन म्हणजे सावध. दुसरीने संवेदनक्षमता कमी-अधिक होते. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून ही दुसरी कळ अगदी खाली ओढून ठेवणे ही सर्वांत प्रचलित चूक. त्याने पारवाही टिपला जात नाही आणि चोरही नाही. आधी कारण शोधावे, दिशा बदलावी, ठोके वाढवावेत. संवेदनक्षमतेला हात शेवटी.

मग चालून पाहण्याची चाचणी. वीज दिल्यावर डिटेक्टरला स्थिरावण्यास मिनिटभर तरी लागते, तोवर खोली रिकामी ठेवावी. नंतर एकाने डिटेक्टरच्या तांबड्या दिव्यावर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने चोराच्या वाटेने चालावे: प्रत्येक दारातून, प्रत्येक खिडकीपासून, भिंतीला खेटून, खांबाआडून, सावकाश आणि झपझप. दिवा जेथे लागत नाही तेथे खडूने खूण करावी. बिनतारी डिटेक्टर बॅटरी वाचवण्यासाठी एकदा इशारा दिल्यावर दोन-तीन मिनिटे झोपी जातात. ते ठाऊक नसलेले लोक तो बिघडला असे समजतात. त्यात चाचणीची निराळी सोय असते, ती वापरावी. चाचणी झाली की तांबडा दिवा बंद करून ठेवावा. अन्यथा दिवसा दर्शनाच्या निमित्ताने आलेला कोणीही तो पाहून आंधळे कोपरे हेरून जातो. दिवसा यंत्रणा निजलेली असताना भिंगावर चिकटपट्टी लावून ठेवण्याची क्लृप्तीही चोरांना ठाऊक आहे. पेढ्यांमध्ये म्हणून झाकल्याची जाणीव होणारा डिटेक्टर घ्यावा. इतरत्र रोज संध्याकाळी भिंगाकडे एक दृष्टिक्षेप पुरतो.

वीज गेल्यावर यंत्रणा चालते ती पॅनेलमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ही बॅटरी काही वर्षांत गुपचूप थकते. महिन्यातून एकदा मुख्य वीज बंद करून भोंगा वाजतो का, हे पाहावे आणि तारीख वहीत लिहून खाली सही करावी. पर्युषणात मांडव आणि आरास उभी राहते, चातुर्मासात ग्रंथांची नवी कपाटे येतात, भांडाराची मांडणी बदलते. अशा प्रत्येक बदलानंतर पुन्हा एकदा चालून पाहावे लागते. अनेकदा त्या फेरीतच उमगते की दानपेटी गेल्या वर्षी ज्या खांबामागे सरकवली, तेथे तांबडा दिवा मुळी लागतच नाही, आणि एक तर पेटी हलवावी लागेल किंवा दुसरा डिटेक्टर आणावा लागेल.