पूजेतली वस्तू कोणाची?

जुनी समई, चांदीचा टाक किंवा पितळी घंटा हाती आली की संग्राहक आधी विचारतो, ही किती जुनी? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: हिची पूजा करणारं कोणी आहे का? असेल, तर ती विकत मिळत असली तरी घेऊ नये. नसेल, तर संग्राहकाने ती जरूर सांभाळावी. पूजेच्या वस्तूला मोल येतं ते तिच्या सेवेमुळे, आणि ती सेवा माणसांशी व जागेशी बांधलेली असते.

गोंडांचा पेरसा पेन, म्हणजे कुळाचा मोठा देव, हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात शेजारच्या आदिलाबादमधल्या राजगोंडांचा अभ्यास केला. त्यांच्या वर्णनात या देवाची मुख्य चिन्हं दोनच: भाल्याचं लोखंडी पातं आणि चवरी. बाजारात पात्याला भंगाराचा भाव येईल. पण याच देवापाशी सारं कूळ सणाला जमतं आणि मेलेली माणसंही विधीने त्याच्यात सामावली जातात. असं पातं काचेच्या कपाटात गेलं की मागे उरतं ते नुसतं लोखंड, आणि गावातलं कूळ पोरकं होतं. शिवाय अनेक गोंड आपला कोया पुनेम हिंदू धर्माहून वेगळा मानतात. त्यामुळे पात्यावर ‘पुरातन हिंदू पूजासाहित्य’ अशी चिठ्ठी लावली, तर नोंदच खोटी ठरते.

मराठी देवघरही वस्तूच्या वयाला फारसं महत्त्व देत नाही. टाक झिजला की सोनाराकडून नवा घडवून घेतात, मूर्ती भंगली की तिचं विसर्जन करतात. देव कायम राहतो, वस्तू बदलते. यावर कोणी म्हणेल, मग जुन्या वस्तू वितळून जाऊ द्यायच्या का? आक्षेप रास्त आहे. दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून दिवे, देवघरातली भांडी, अडकित्ते जमवले नसते, तर त्यांतलं कितीतरी मोडीत गेलं असतं. आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत. ज्यांची सेवा थांबली आहे अशा वस्तूंसाठी हाच मार्ग योग्य. सेवा चालू असेल तिथे मात्र जतन आणि पूजा दोन्ही एकाच जागी होऊ शकतात. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी मार्कंडा देवस्थान आहे. तिथली मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, तरी महाशिवरात्रीला यात्रा भरतेच.

दुसरा आक्षेप असा की, घरच्यांनी स्वतःहून विकलं तर त्यात गैर काय? घरातली समई विकायचा हक्क त्या घराला आहे, हे मान्य. पण कुळाचा देव एका घरापाशी असला तरी त्या घराचा नसतो. अडचणीत सापडलेल्या एकाने दिलेली संमती साऱ्या कुळाची होत नाही. तमिळनाडूतल्या पथूरच्या नटराजाच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये मंदिराला स्वतंत्र दावेदार मानलं आणि पैसे मोजून घेतलेली मूर्ती भारतात परत आली. आपला १९७२ चा पुरावशेष कायदा साधारणपणे १०० वर्षांपुढच्या वस्तूंना लागू होतो. त्या खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. पण ऐंशी वर्षांपूर्वी घडवलेला कुळदेव वयाच्या या अटीत बसत नाही. तिथे संग्राहकाचा विवेकच कामी येतो.

म्हणून चांगल्या संग्राहकाने वस्तूबरोबर तिची हकीकतही घ्यावी: गाव कोणतं, कूळ कोणतं, पूजा कोण करायचं, कोणत्या सणाला आणि ती का थांबली. या प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील, तर व्यवहार थांबवावा. वस्तू सांभाळायला घेतली असेल आणि पुढे त्या कुळाने जत्रेसाठी किंवा कायमची मागितली, तर ती परत देण्याची तयारी ठेवावी. हे बंधन पाळणारा संग्रह कदाचित लहान राहील, पण त्यातल्या प्रत्येक वस्तूमागची श्रद्धा समजून घेऊनच तो उभा राहिलेला असेल.